एका खाजगी धरणाचा इतिहास



धरणावर बोलायचे तर एखाद्या अभियंत्याला बोलवायला हवे होते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते बरोबरच आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात. तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करताना एका प्रश्नाशी माझी नित्य गाठ पडत आली. धोका एकाला आणि मालकी दुसऱ्याची असेल, तर तपासणी कोणी करायची, आणि तपासणीत जे आढळले ते कोणाला सांगायचे? हा प्रश्न मला गिरणीत भेटला, कारखान्यात भेटला, आणि वाचता वाचता एका अमेरिकन धरणाच्या इतिहासातही भेटला. म्हणून आजचा विषय.

हे धरण पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्ग शहराच्या पूर्वेकडील डोंगरात, साउथ फोर्क नावाच्या ओढ्यावर होते. ३१ मे १८८९ रोजी दुपारी ते फुटले. तेथून चौदा मैल खाली आणि सुमारे साडेचारशे फूट सखल जागेत जॉन्सटाउन हे पोलादाच्या कारखान्याचे गाव होते. तासाभरात पाणी तेथे पोचले आणि एकंदर २,२०९ माणसे मेली. इतिहासाच्या पुस्तकांत याला 'जॉन्सटाउनचा महापूर' म्हणतात. महापूर म्हटले की आपण आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो. म्हणून हा शब्द मला फारसा रुचत नाही. पाऊस मोठा झाला, यात शंका नाही. परंतु त्या पावसाच्या आधी छत्तीस वर्षांत त्या धरणाचे काय काय झाले, ते पाहिले म्हणजे आभाळाच्या वाट्याचा दोष बराच हलका होतो.

धरण मुळात चांगले बांधले होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. त्या काळी फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग मालवाहतूक कालव्यातून चाले. उन्हाळ्यात कालवा कोरडा पडू नये, म्हणून राज्य सरकारने हा जलाशय करायचे ठरवले. विल्यम मॉरिस या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८४० च्या सुमारास काम सुरू झाले, पैशाअभावी मध्ये बरीच वर्षे रखडले, आणि १८५३ च्या सुमारास पुरे झाले. उंची ७२ फूट, लांबी नऊशे फुटांवर, पायाची जाडी पावणेतीनशे फुटांच्या जवळपास. चिकणमातीचे थर एकावर एक घालून, पाण्याने मुरवून भरीव केलेले, वरून दगडांचे अस्तर. एका टोकाला खडक फोडून ७२ फूट रुंदीचा सांडवा काढलेला. आणि तळाशी दगडी मोरीतून दोन-दोन फूट व्यासाचे पाच ओतीव लोखंडी नळ, ज्यांतून जलाशयाचे पाणी हवे तेव्हा सोडता येई.

या पाच नळांकडे आपण लक्ष ठेवावे. मातीच्या धरणाचे दगडी धरणासारखे नसते. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तरी ते काही काळ उभे राहू शकते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की ते पाठीमागची माती धुऊन नेते आणि पाहता पाहता घळ पडते. ज्यांनी शेताचा बांध फुटताना पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. बांधात जिथे थोडीशी सखल जागा असते तिथेच पाणी आधी चढते, आणि एकदा बोटभर धार लागली की फावडे घेऊन धावणाऱ्याला ती आटोपत नाही. म्हणून मातीच्या धरणाला तीन गोष्टींची गरज असते. माथा सारखा असावा, किंबहुना मध्यभागी थोडा उंचच असावा. सांडवा पुरेसा रुंद आणि मोकळा असावा. आणि तळातून पाणी सोडायची सोय असावी, म्हणजे कुठे पाझर दिसला तर पातळी उतरवून दुरुस्ती करता येते. या तळाच्या सोयीला आपल्याकडे विमोचक म्हणतात. साउथ फोर्कच्या धरणाला मुळात या तिन्ही गोष्टी होत्या. पुढे एकेक करून त्या गेल्या, आणि प्रत्येक गोष्ट जाताना कोणाचा तरी थोडा फायदा झाला किंवा थोडा खर्च वाचला.

धरण पुरे होते न होते तोच त्याची गरज संपली. १८५४ साली रेल्वे थेट पिट्सबर्गला पोचली आणि कालवा निकामी झाला. १८५७ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने कालव्याबरोबर धरणही सरकारकडून विकत घेतले. कंपनीला हवी होती ती वाट; धरणाची देखभाल करण्यात तिला काय रस? १८६२ साली तळाची मोरी खचून धरणाला भगदाड पडले. पाण्याची पातळी तेव्हा कमी होती म्हणून खाली फारसे नुकसान झाले नाही. भगदाड तसेच राहिले. १८७५ साली रेल्वेने ही जागा जॉन रायली नावाच्या एका काँग्रेस-सदस्याला अडीच हजार डॉलरला विकली. चार वर्षांनी त्याने ती दोन हजाराला विकून टाकली. हा घाट्याचा व्यवहार दिसतो. पण दरम्यान ते पाच लोखंडी नळ काढून भंगारात विकले गेले होते. ते पुन्हा कधीही बसवले गेले नाहीत.

ज्याने जागा घेतली त्या बेंजामिन रफने रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटे घेतली होती, दगडी कोळशाच्या कोकची विक्री केली होती, जमिनीची दलालीही केली होती. त्याने १८७९ साली 'साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब' काढला. पिट्सबर्गच्या धुरातून सुटून उन्हाळ्यात डोंगरातल्या तळ्याकाठी राहावे, नौका हाकाव्या, मासे धरावे, हा उद्देश. सभासदांची यादी वाचली म्हणजे त्या काळच्या अमेरिकन भांडवलाची पटपत्रिकाच हाती येते. हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू कार्नेगी, अँड्र्यू मेलन, पुढे अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झालेला वकील फिलँडर नॉक्स. १८८९ साली साठाच्या आसपास सभासद होते. क्लबाची नोंदणी मात्र धरण ज्या जिल्ह्यात होते तिथे न करता पिट्सबर्गच्या कचेरीत केली होती.

आता दुरुस्ती कशी झाली ते पाहा. भगदाड बुजवण्यासाठी दगड, माती, झाडाच्या फांद्या, गवत, घोड्याच्या लिदीपर्यंत जे मिळेल ते टाकले. १८७९ च्या नाताळातल्या पावसाने पहिली भर वाहून गेली; पुन्हा टाकली. हे काम कोणाही धरण-अभियंत्याच्या देखरेखीखाली झाले नाही. नळ नव्हतेच. माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून रस्ता रुंद करायचा होता. त्यासाठी माथा दोन-तीन फूट खाली उतरवला. जुनी भगदाडाची भर होती ती मध्यभागी, आणि नवी भर हळूहळू बसत गेल्याने माथा नेमका मध्यभागीच सखल झाला. तळ्यात ब्लॅक बास जातीचे मासे रेल्वेने आणून सोडले होते. ते सांडव्यातून खाली निसटू नयेत म्हणून सांडव्यावर पूल बांधून खाली लोखंडी गजांच्या जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात ओंडके, फांद्या, पाचोळा येऊन या जाळ्यांत अडकणार हे कोणालाही समजण्यासारखे होते.

आमच्याकडे एका कारखान्यात प्रेसवरचा गार्ड काढून ठेवलेला मी पाहिला आहे. गार्ड लावला की तासाला नग कमी पडतात, असे कारण सांगत. बोटे गेली ती कामगाराची. जास्तीचे नग मात्र मालकाच्या हिशेबात जमा झाले. सांडव्यावरच्या त्या जाळ्यांविषयी प्रथम वाचले तेव्हा मला त्या प्रेसची आठवण झाली. जाळ्या लावणारे लोक दुष्ट होते असे मी म्हणत नाही. मासा निसटला तर नुकसान त्यांचे होते, आणि सांडवा तुंबला तर दुसऱ्याचे होते, एवढेच.

आता खाली जॉन्सटाउनकडे येऊ. दोन नद्यांच्या संगमावर, उंच डोंगरांच्या मध्ये वसलेले हे गाव कॅम्ब्रिया आयर्न कंपनीच्या आधारे वाढले. गाव आणि आसपासच्या वस्त्या मिळून खोऱ्यात तीस हजारांच्या घरात लोक होते. बरेचसे जर्मन, वेल्श, आयरिश कामगार. कारखान्याची राख व मळी टाकून नदीचे पात्र वर्षानुवर्षे अरुंद होत गेले होते, डोंगरावरची झाडे तुटली होती, आणि दरवर्षी वसंतात खालच्या रस्त्यांवर पाणी येई. म्हणजे खालचा मालकही अगदी निष्पाप नव्हता, हे नोंदवून ठेवू.

परंतु या खालच्या मालकाने एक चांगली गोष्ट केली होती. कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याला वरच्या तळ्याची धास्ती वाटली. त्याने १८८० च्या नोव्हेंबरात आपला भूगर्भतज्ज्ञ व अभियंता जॉन फुल्टन याला धरण पाहायला पाठवले. फुल्टनने परत येऊन लेखी अहवाल दिला. त्यात दोन मुख्य दोष सांगितले. एक, तळातून पाणी सोडायची कोणतीही सोय नाही, त्यामुळे गरज पडली तरी जलाशय रिकामा करता येणार नाही. दुसरा, भगदाडाची दुरुस्ती नीट झालेली नाही आणि तेथून पाझर चालू आहे. मॉरेलने हा अहवाल रफकडे पाठवला. रफने उलट फुल्टनच्या मोजमापांत चुका काढल्या, आणि तुम्हाला व तुमच्या माणसांना आमच्या उद्योगापासून काही भय नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. मॉरेलने पुन्हा लिहिले. दुरुस्ती नीट करणार असाल तर खर्चाचा वाटा आम्ही उचलू, असेही कळवले. क्लबाने ते नाकारले. मग मॉरेलने स्वतः क्लबाचे सभासदत्व घेतले. आत राहून लक्ष ठेवावे असा त्याचा विचार असावा. १८८५ साली तो वारला, १८८७ साली रफही वारला, आणि पत्रव्यवहार तिथेच थांबला.

या ठिकाणी मी थोडा थांबणार आहे. फुल्टनच्या अहवालात ज्या दोन गोष्टी होत्या त्याच पुढे नऊ वर्षांनी निर्णायक ठरल्या. अहवाल अचूक होता, तो लिहिणारा जाणकार होता, तो मागवणारा त्या खोऱ्यातला सर्वांत बलाढ्य माणूस होता. तरीही त्याचा उपयोग झाला नाही. कारण तो कागद एका मालकाच्या कचेरीतून दुसऱ्या मालकाच्या कचेरीत गेला आणि तिथेच राहिला. धरणाखाली जे राहत होते त्यांच्यापुढे तो कोणी मांडला नाही. त्यांना तो मागता तरी आला असता काय? कॅम्ब्रिया कंपनीत युनियनला मज्जाव होता. १८७४ साली मॉरेलनेच संघटित कामगारांना कामावरून काढून टाकले होते. म्हणजे ज्या माणसाने धरणाबद्दल पत्र लिहिले त्यानेच, ते पत्र घेऊन जी संघटना उभी राहू शकली असती ती मोडून ठेवली होती. मॉरेलच्या सदिच्छेबद्दल मला संशय नाही. पण मालकाने मालकाला घातलेली गळ, मालक मेला की संपते.

गावाला धरणाची कुणकुण नव्हती असे मात्र नाही. दर वसंतात, पाणी चढले की धरण फुटणार अशी आवई उठे. धरण फुटत नसे. वर्षानुवर्षे असे चालल्यामुळे ती थट्टेची गोष्ट होऊन बसली. ज्यांच्या हाती पक्की माहिती नसते त्यांच्या वाट्याला अफवा तेवढी येते, आणि अफवेचा स्वभावच असा की ती दहा वेळा खोटी ठरते व अकराव्या वेळी कोणी कान देत नाही.

३० मे १८८९ च्या रात्री मुसळधार पाऊस सुरू झाला. ३१ तारखेच्या सकाळी क्लबाचा अध्यक्ष एलियास अंगर उठून पाहतो तो तळे भराभर चढते आहे. तेथे जॉन पार्क नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण अभियंता नुकताच कामावर आला होता, आणि गटारे खोदण्यासाठी आणलेले इटालियन मजूर होते. या मजुरांना घेऊन माथ्यावर माती चढवायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदायचा प्रयत्न झाला. तिथे खडक लागला. सांडव्यावरच्या जाळ्या काढाव्यात की नाही, यावर वेळ गेला. काढायचे ठरले तेव्हा त्या कचऱ्याने अशा घट्ट बसल्या होत्या की निघेनात. पार्कच्या मनात आणखी एक विचार येऊन गेला, तो त्याने पुढे सांगितला आहे. धरणाच्या एका टोकाला, जिथे जमीन पक्की आहे तिथे, मुद्दाम खिंड पाडावी, म्हणजे पाणी निदान सावकाश जाईल. पण तसे केले तर धरण फोडल्याचा ठपका निश्चित आपल्यावर, आणि धरण कदाचित टिकलेही असते असे म्हणायला सगळे मोकळे. एका नोकराने ती जबाबदारी घ्यायची तरी कोणाच्या बळावर?

दुपारच्या सुमारास पाणी माथ्याच्या मध्यावरून वाहू लागले. पार्क घोड्यावरून खालच्या साउथ फोर्क गावी गेला आणि जॉन्सटाउनला तारेने इशारा देण्यास सांगितले. इशारे गेले. त्यांचे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. जॉन्सटाउनचे रस्ते आधीच नेहमीच्या पुराने भरले होते, लोक सामान माडीवर चढवून बसले होते, आणि धरणाची गोष्ट तर जुनीच होती.

तीनच्या सुमारास धरणाचा मधला भाग खचून गेला. सुमारे दोन कोटी टन पाणी खोऱ्यातून निघाले. वाटेत झाडे, घरे, पूल, रेल्वेचे डबे घेत ते पाणी राहिले नाही, चालता ढिगारा झाला. ईस्ट कोनेमॉ येथे जॉन हेस हा इंजिनचालक रुळावर काम करीत होता. लाट येताना ऐकून त्याने शिट्टीची दोरी बांधून टाकली आणि इंजिन उलटे हाकत गावाकडे सोडले. ती अखंड शिट्टी ऐकून कित्येक लोक टेकडीकडे पळाले. त्या दिवशी खोऱ्यातल्या लोकांना पोचलेला खराखुरा इशारा हाच, आणि तो दिला एका कामगाराने.

चार वाजून सात मिनिटांनी लाट जॉन्सटाउनात शिरली. मध्ये काटेरी तारेचा कारखाना लागला होता. तेथून मैलोगणती तार त्या ढिगाऱ्यात गुंतली. दहा मिनिटांत गावाचा मध्यभाग नाहीसा झाला. सोळाशे घरे गेली. खालच्या अंगाला रेल्वेचा दगडी कमानींचा पूल होता. तो टिकला, आणि त्याला सारा ढिगारा अडला. त्या तारेत अडकलेली जिवंत माणसे तिथे होती. संध्याकाळी ढिगाऱ्याला आग लागली. ऐंशीच्या आसपास माणसे पाण्यातून वाचून त्या आगीत मेली असे मानतात. ९९ कुटुंबे समूळ गेली. मृतांत ३९६ मुले होती. सातशेहून अधिक प्रेतांची ओळख पटली नाही. ती टेकडीवरच्या दफनभूमीत नावाविना पुरलेली आहेत. पुढे १९११ सालापर्यंत प्रेते सापडत होती.

मदतीला देश धावला. क्लारा बार्टन रेडक्रॉसची माणसे घेऊन आली व पाच महिने राहिली. देशोदेशींहून सुमारे सदतीस लाख डॉलर जमले. क्लबाने हजार ब्लँकेटे पाठवली. काही सभासदांनी देणग्या दिल्या, बऱ्याच जणांनी काहीच दिले नाही. कार्नेगीने गावाला नवे ग्रंथालय बांधून दिले. हे सारे दान झाले. भरपाई म्हणून क्लबाकडून किंवा कोणा सभासदाकडून कोर्टामार्फत एक डॉलरही कोणाला मिळाला नाही. एका विधवेने आपल्या मुलांसह पन्नास हजारांचा दावा लावला. ज्यूरीने क्लबाला निर्दोष ठरवले. क्लब ही नोंदलेली संस्था, तिच्याकडे तळ्याशिवाय काही नाही, आणि सभासदांची मालमत्ता वेगळी. त्यावर बचाव असा, की हा दैवी प्रकोप होता. वकील नॉक्सच्या पेढीतलेच होते. तीन वर्षांनी, १८९२ साली, याच फ्रिकने कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात टाळेबंदी करून पिंकर्टनचे बंदूकधारी आणले, ही हकीकत कामगार चळवळीच्या इतिहासात सर्वांना माहीत आहे. त्या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. पात्रे तीच आहेत.

शास्त्रीय चौकशी झाली नाही असे नाही. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने नामवंत अभियंत्यांची समिती नेमली. तिचा अहवाल १८९१ साली प्रसिद्ध झाला. माथा खाली उतरवला, नळ बसवले नाहीत, हे त्यात मान्य केले होते. परंतु निष्कर्ष असा, की धरण मूळ स्थितीत असते तरी इतक्या पावसात त्याच्यावरून पाणी गेलेच असते. सव्वाशे वर्षे हा निष्कर्ष क्लबाच्या बाजूने बोलत राहिला. २०१६ साली जॉन्सटाउन येथील विद्यापीठातल्या नील कोलमन प्रभृती संशोधकांनी जागेची पुन्हा मोजणी करून जलगणित नव्याने मांडले. मूळ धरणाला मुख्य सांडव्याखेरीज दुसऱ्या टोकाला एक जादा सांडवाही होता, आणि माथा उतरवल्यामुळे तो निरुपयोगी झाला, हे त्यांनी दाखवले. मूळ उंची कायम असती आणि नळ जागेवर असते तर ते धरण त्या दिवशी टिकले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे बग्ग्यांच्या रस्त्यासाठी उतरवलेल्या त्या दोन-तीन फुटांचा हिशेब लागायला इतकी वर्षे लागली. समितीतील विद्वानांनी जाणूनबुजून खोटे लिहिले, असा आरोप मी करणार नाही. पण रेल्वे आणि पोलाद कंपन्या ज्या अभियंत्यांना कामे देतात त्याच अभियंत्यांनी त्या कंपन्यांच्या मालकांविरुद्ध निकाल द्यायचा, ही व्यवस्था मला कधीच पुरेशी वाटलेली नाही.

आता कायद्याकडे वळतो. कारण इथून हा इतिहास आपल्या दाराशी येतो. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात जॉन रायलँड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या जागेत एक जलाशय करवला. त्याचे पाणी जुन्या खाणींच्या विवरांतून फ्लेचर नावाच्या माणसाच्या खाणीत शिरले. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तत्त्व घालून दिले : जो स्वतःच्या सोयीसाठी आपल्या जमिनीवर अशी वस्तू आणून साठवतो, की जी सुटली तर दुसऱ्याचे नुकसान करील, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावी, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई त्याने द्यावी. अमेरिकन न्यायालये तेव्हा हे तत्त्व मानायला तयार नव्हती. उद्योगधंद्यांवर बोजा पडेल, ही सबब. जॉन्सटाउननंतर मात्र हळूहळू एकेका राज्यातील न्यायालयांनी ते स्वीकारले. जॉन्सटाउनच्या मृतांना त्याचा लाभ झाला नाही; पुढच्यांना झाला.

आपल्या देशात हे तत्त्व आले ते आधी नाकारले गेले. मद्रास इलाख्यात कारवेटनगरच्या जमीनदाराच्या हद्दीतले तलाव अतिवृष्टीत फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला, की हे तलाव पुरातन आहेत, रयतेच्या शेतीसाठी ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, आणि निष्काळजीपणा नसेल तर त्याला जबाबदार धरता येणार नाही. मला हा निकाल अन्यायाचा वाटत नाही. शेकडो शेतकऱ्यांच्या पिकासाठी राखलेला तलाव आणि साठ जणांच्या मासेमारीसाठी अडवलेले तळे, यांना एकाच मापाने मोजू नये. धोका कोणाच्या डोक्यावर आहे याबरोबरच पाणी कोणाच्या उपयोगाचे आहे, हेही विचारले पाहिजे. पुढे १९८५ साली दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायू सुटला, त्या खटल्यात १९८६ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने रायलँड्सच्याही पुढचे पाऊल टाकले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला दैवी प्रकोपाची किंवा तिऱ्हाइताच्या कृत्याची सबबही सांगता येणार नाही, असे ठरवले. भोपाळची राख तेव्हा निवालेली नव्हती.

भोपाळमुळेच १९८७ साली कारखाने कायद्यात नवी कलमे घातली गेली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक झाले. सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समसमान घ्यावेत, असे ठरले. या समित्या कितीदा कागदावरच राहतात हे मला कोणी शिकवायला नको. तरी पण कलम हाती असले की दार ठोठावता येते. फुल्टनच्या अहवालाची प्रत जॉन्सटाउनच्या कामगारांना मागता आली नाही. १९८७ नंतर आमच्या कामगाराला अशी प्रत मागता येऊ लागली, हा फरक लहान नाही.

धरणाखालच्या माणसाला ती मागता येते काय? पानशेतची आठवण या महाराष्ट्रात कोणाला करून द्यायला नको. १२ जुलै १९६१ रोजी मातीचे ते धरण फुटले, तेव्हा विमोचकाचे काम अपुरे असताना पाणी अडवले होते. ते धरण सरकारचे होते, खाजगी नव्हते. म्हणजे मालक सरकार असले की प्रश्न सुटतो असे म्हणण्याची सोय नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटून खालची वाडी वाहून गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. एकशे तीस वर्षांनंतरही पाझर कोठे आहे हे खालच्या माणसाला दिसते, आणि तो पाझर थांबवणे दुसऱ्याच्या हाती असते.

२०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. मालक सरकार असो, कंपनी असो की एखादी व्यक्ती असो, तपासणी, देखभाल आणि आणीबाणीचा आराखडा ही त्याची जबाबदारी ठरली. कायदा चांगला आहे, आणि उशिरा का होईना, झाला. तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरपर्यंतच्या धरणांपैकी काही अटींत बसणाऱ्यांना. साउथ फोर्कचे धरण बावीस मीटरचे, म्हणजे ते कायद्यात आले असते. त्याहून ठेंगणी, ओढ्या-नाल्यांवरची, खाजगी जागांतली मातीची धरणे आणि तलाव या मर्यादेखाली आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला वाड्या आहेत, वस्त्या आहेत, विटांच्या भट्ट्यांवर हंगामापुरती आलेली माणसे पाल ठोकून राहतात. मोठ्या धरणांसाठी राज्याची जी समिती कायद्याने ठरवली आहे, तिच्यात अभियंते, अधिकारी आणि तज्ज्ञ यांना जागा दिली आहे. कायदा मी दोनदा वाचला. धरणाखालच्या गावाच्या प्रतिनिधीसाठी राखलेली जागा मला त्यात सापडली नाही.